बापूंना गाडी लागते म्हणून

हसू नका! हे जे डोक्यावर दिसतंय ना, ते सकाळी सातला केस होते. ड्रायर फिरवलेला, क्लिपा लावलेल्या, सगळं व्यवस्थित. कतारमधल्या अल अझीझियाच्या आमच्या फ्लॅटमधून निघाले तेव्हा बाईमाणूस होते आणि समैस्माच्या अलीकडच्या फाट्याला पोचेपर्यंत माझा केरसुणीचा बुडखा झाला होता! का? तर आमच्या सुरेशनं भाड्यानं गाडी आणली. अहो, गाडी आहे आम्हाला! सात जण बसतात, एसी आहे, काचा वर होतात. पण नाही. दोन दारांची, लाल भडक, आणि… छप्पर उघडं!

थांबा, सांगते. सुरेशला काही म्हातारचळ लागलेला नाही. गाडी आली ती बापूंसाठी. बापू म्हणजे माझे सासरे, महिपती. मंगळवेढ्याकडचे, वय शहात्तर, आयुष्य सगळं ज्वारीच्या शेतात. नोव्हेंबरात सासूबाई गेल्या आणि हा माणूस बोलायचाच थांबला हो! गावी घरात एकटे, चूल पेटवायचे नाहीत, शेजारच्या केसरबाईंनी ताट आणून ठेवलं तर ते तसंच. म्हणून सुरेश जाऊन त्यांना इकडे घेऊन आला. आल्या आल्या विचारलं, "परतीचं तिकीट काढलंय न्हवं?" झालं. त्यानंतर दोन महिने फक्त "हं". चहा घेणार? हं. बरं वाटतंय का? हं. बाराव्या मजल्यावर खिडकीशी बसायचे आणि समोरचं पार्किंग बघायचे. आणि तिकीट कधीचं, तर येत्या रविवारचं. म्हणजे पुन्हा ते रिकामं घर, ती थंड चूल. सुरेश नुसता तळमळायचा. मला म्हणाला, "मालविका, असे परत गेले ना, तर पुढच्या दिवाळीला मी कुणाला भेटायला जाणार?"

मी म्हटलं, अरे, त्यांना फिरव जरा! पण फिरवणार कसं? बापूंना गाडी लागते. एसटीनं कधी त्रास दिला नाही, ट्रॅक्टरनं दिला नाही, पण बंद काचा, एसी आणि तो सुगंधी डबा डॅशबोर्डवरचा… विमानतळावरून घरी येताना तीन पिशव्या लागल्या हो, तीन! आता साधा माणूस काय करील? गोळी देईल. पण आमचे हे इंजिनिअर ना. गॅस प्लांटमध्ये वीस वर्षं काढलेली. माझ्यापुढे कागद ठेवला, त्यावर मुद्दे काढलेले! "हवा कोंडते, म्हणून उलटी होते. छप्पर काढलं की हवा कोंडणार नाही. वेग कमी ठेवला की पोट हलणार नाही. म्हणून हायवे नको, शेतांमधले आतले रस्ते." मी म्हटलं, आणि जानेवारीची थंडी? तर म्हणतो, "माकडटोपी आहे ना!"

तर शुक्रवारी सकाळी निघाली आमची वरात. पुढे सुरेश, शेजारी बापू, धोतर, माकडटोपी, वरून मफलर, हातात लिंबू आणि काठी. मागे मी, मांडीवर दशम्यांचा डबा, शेंगाचटणी, थर्मास आणि पिशव्या, बारा पिशव्या! आणि माझ्या शेजारी आमची अंतरा, वय वर्षे चौदा, हुडी नाकापर्यंत ओढलेली. "मम्मा, एव्हरीवन इज स्टेअरिंग." अगं बघणारच! एवढी स्पोर्ट्‌स गाडी आणि वेग किती? ताशी तीस!

मागून एक लँड क्रूझर आली. दिवे लावले, विझवले, लावले, विझवले. शेवटी बाजूला घेऊन काच खाली केली. आतला माणूस सज्जन हो, खरंच काळजीनं विचारतो, "सदीक, दोस्त, गाडी खराब?" सुरेश म्हणाला, "नो नो, फादर." त्यानं बापूंकडे बघितलं, बापूंच्या हातातल्या लिंबाकडे बघितलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "इन्शाल्ला ठीक हो जाएगा." अहो, त्याला वाटलं दवाखान्यात नेतोय! मी हसायला तोंड उघडलं तर वाळू आत. मग चूळ भरायला पाणी घेतलं तर ते वाऱ्यानं अंतराच्या अंगावर. छप्पर उघडं!

बरं, आजूबाजूला काय, तर एकीकडे वाळू, दुसरीकडे वाळू, मध्येच एखाद्या शेताचं कुंपण, खजुराची झाडं, प्लास्टिकची लांब लांब हरितगृहं. सुरेश आपला गाईड! "बापू, ते बघा, टोमॅटो!" हं. "बापू, उंट!" हं. तासभर झाला, उलटी नाही, ही जमेची बाजू, पण माणूस काही फुलेना. सुरेशचे खांदे हळूहळू पडायला लागले. आरशात दिसत होता मला त्याचा चेहरा. शाळेच्या बक्षीस समारंभाला बाप आलाच नाही अशा पोरासारखा. मला इतकं वाईट वाटलं ना, की केसांचं विसरले मी.

आणि तेवढ्यात बापूंनी मफलर खाली ओढला. नाक वर केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि काठी डॅशबोर्डवर आपटून म्हणाले, "थांब!"

दोन महिन्यांनी शब्द! पण माझ्या डोक्यात काय? उलटी! सुरेशनं कचकन ब्रेक दाबला, मी ओरडले, "पिशवी! अंतरा, पिशवी!" बारापैकी अकरा वाऱ्यानं उडून गेल्या, ती एक घेऊन मी पुढे वाकते तर सीट रिकामी! बापूंनी दार उघडलंच नव्हतं हो. धोतर सावरलं, पाय बाहेर टाकला, बैलगाडीतून उतरावं तसे उतरले आणि तारेच्या कुंपणाकडे चालायलासुद्धा लागले. "जोंधळा हाय," म्हणाले. "दुधात आलाय."

आम्ही बघतो तर खरंच! पाण्याच्या टाकीमागे चार ओळी ज्वारी, कणसं भरलेली. कतारमध्ये! बंद गाडीतून गेलो असतो तर कुणाच्या बापाला वास आला असता का?

आतून डांगरी घातलेला एक पोरगेला माणूस धावत आला. "भाईसाब, मुदीर नहीं है, सब्जी बारह बजे मिलेगा." मुदीर म्हणजे तिथला मॅनेजर. बापूंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जोंधळा कुणी पेरलाय?"

तो दोन पावलं पुढे आला. मग हळूच म्हणाला, "म्या पेरलाय, आबा. कुटलं म्हणायचं तुम्ही?"

सचिन त्याचं नाव. सांगोल्याचा. शेतावरचे पंप, पाईप बघतो, तीन वर्षं घरी गेलेला नाही. भाकरीसाठी अल नस्रच्या दुकानातून ज्वारी आणायचा, त्यातलीच मूठभर पेरली आणि मुदीरला सांगितलं, शेळ्यांचा चारा! आणि आमचे बापू? दोन महिन्यांचा साठा होता ना, धरण फुटलं! "असं दाट पेरत्यात व्हय रं? कणसाला वारं कुटनं लागंल? पाखरं कोण राखतंय? हे खालचं पान पिवळं कशानं झालं? बानं शिकिवलं न्हाई काय?" मी मध्ये पडणार, म्हटलं बापू, परका मुलगा आहे… तर सचिनच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "रागवू द्या वैनी. लय दिसांत असं घरच्यावानी कोण रागावलं न्हाई मला."

मग काय विचारता! चहाच्या चुलीपाशी त्यानं शेणकुटं पेटवली, कणसं खुपसली, आणि आम्ही मांडी घालून हुरड्याला बसलो. दशम्या आणायला म्हणून मी गाडीकडे गेले तर ड्रायव्हरच्या सीटवर शेळी! पांढऱ्या लेदरच्या सीटवर! दशम्या सगळ्या खलास, भाड्याचा करार अर्धा खाल्लेला, आणि चटणीला मात्र शिवलेली नाही. पायऱ्या लागत नाहीत, दार लागत नाही, उडी मारली की आत. छप्पर उघडं!

चटणी घेऊन मी परत आले. बापूंनी पहिलं कणीस हातावर चोळलं, फुंकर मारली, फोलपटं उडवली आणि मूठ पुढे केली. मला वाटलं, सुरेशला. तीच पद्धत त्यांच्या घरची. आधी पुरुष, मग पोरं आणि चोळून चोळून हात काळे झाले की शेवटी बायका. सासूबाई तर कायम शेवटच्या, गार झालेलं खायच्या. पण मूठ माझ्यापुढे आली. म्हणाले, "तू आधी खा, सूनबाय. ती समद्यांच्या मागनं खायची. एकदाबी म्हनलो न्हाई, तू आधी खा म्हणून. पन्नास हिवाळं झालं. एकदाबी न्हाई."

आणि रडले हो. मोठ्यानं रडले. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा रडले नव्हते. सुरेशनं त्यांचा हात धरला, तोही रडला. अंतरा जाऊन आजोबांना चिकटली आणि म्हणाली, "आबा, मला पण." मराठीत! मी तो गरम हुरडा तोंडात टाकला. वर डोळ्यांत फोलपटं गेलेली, म्हणजे नक्की कशानं पाणी आलं ते कुणाला सांगायची गरज पडली नाही, एवढं बरं झालं.

निघताना बापू सचिनला म्हणाले, "काढणीला महिना हाय. म्या येतो दर शुक्रवारी. तुझ्या भरवशावर न्हाई ठेवायचं हे." मग सुरेशकडे वळून, अगदी सहज, "रविवारचं तिकीट परत दे जा." सुरेशला एवढा आनंद झाला की गडी सीटवरच्या लेंड्यांवर तसाच बसला!

आता काय? व्हिसा वाढवला. दर शुक्रवारी ती लाल गाडी, ती माकडटोपी, ताशी तीस. आणि बापू दारापासून दारापर्यंत बोलतात. सूनबाय, चटणीला मीठ कमी हाय. सुऱ्या, खड्डा बघ. आज मात्र थंडीनं माझे दात वाजायला लागले. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, बापू, आता काही तुम्हाला गाडी लागत नाही, लावू या का आज छप्पर?

तर म्हणाले, "नगं. ऱ्हाऊ दे. तुझ्या सासूला वरनं दिसाया पायजे, आपन कसं चाललोय ते."

आता तुम्हीच सांगा! होत्या तेव्हा सासूबाईंचं माझ्यावर लक्ष असायचं ते दिवाळीचे पंधरा दिवस. आता दर शुक्रवारी, सकाळी सात ते दुपारी दोन, डोक्यावर पदर, हातात हुरडा, आधी मी खायचं, आणि… छप्पर उघडं!