उद्घाटनाच्या सकाळी सापडलेली चूक

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामात मी इतकी वर्षं टिकले, ते जोशीकाकांमुळे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रत्नागिरीतल्या एका रक्ततपासणी केंद्रासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम लिहिला होता. तो चालवून बघायचं काम माझ्याकडे होतं.

उद्घाटनाच्या सकाळी मी सहज त्यात एकाच नावाच्या दोन बायकांची माहिती भरली. आमच्या पूर्णगड गावात अशा एका नावाच्या कितीतरी आहेत. तर दुसरीचा रक्तगट पहिलीच्या रिपोर्टवर छापून आला.

मी घाबरतच काकांना दाखवलं. त्यांनी स्वतः पुन्हा करून बघितलं आणि तडक केंद्राच्या डॉक्टरांकडे गेले. मला वाटलं, गेली माझी नोकरी.

"डॉक्टर, आज सुरू करायला नको. माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे. या मुलीनं पकडली."

"अहो, पाहुणे निघालेत चिपळूणहून."

"पाहुणे चहा पिऊन जातील. चुकीचं रक्त चढलं तर माणूस जाईल."

उद्घाटन पुढे ढकललं. नंतर पुण्यात नोकरी करताना चुका दाखवल्या म्हणून माझ्यावर कितीजण चिडले, पण मी कधी गप्प बसले नाही. कारण त्या सकाळी काका परत येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हां, आता आणखी काय मोडतं ते बघूया."