लीड आणि टेल

रुचा : ...नाही नाही, अंकुर, तो खोका ठेव खाली आधी, तुला गंमत कळलीच नाही! त्या आज्जीच्या पायात चक्क लाकडी बूट. लाकडी! खाली तीन खुंट्या, चिखलात पाय रुतू नये म्हणून. आणि आत घरातल्या सपाता तशाच! सपातांसकट पाय बुटात घालायचा आणि टॉक टॉक टॉक करत चालली बाई डोंगरावर.

अंकुर : अबे, पण मी सामान न्यायला आलो ना. पिकअप चार वाजता परत द्यायचा आहे मित्राला.

रुचा : दोन मिनिटं रे. तीन आठवडे झाले आम्हाला स्पेनहून अमेरिकेत परत येऊन, आणि तू एक फोटोसुद्धा नाही बघितलास. शेजारी राहतोस म्हणे!

अंकुर : बोल बाई, बोल. पण मले पहिले हे सांग, नेत्रा घर सोडून काहून चालली? लीज तर ऑगस्टपर्यंत आहे ना तुमची.

रुचा : गिरिजाकडे राहायला चाललीये. तिचं अपार्टमेंट लॅबला जवळ पडतं म्हणे.

अंकुर : इथून तर कॅम्पसची बस दारातून मिळते.

रुचा : मी पण तेच म्हटलं! चारदा म्हटलं. भांडण नाही, काही नाही. पुण्यात कॉलेजला होतो तेव्हापासून एका खोलीत झोपतोय यार आम्ही. आता तूच सांग तिला. तुझं ऐकते ती.

अंकुर : ती कोणाचंच ऐकत नाही.

रुचा : हां, ते पण आहे. बरं, ऐक ना. सहा दिवस, सहा गावं. आस्तुरियास म्हणून भाग आहे, स्पेनच्या पार वरच्या अंगाला. आपलं सामान गाडीवाला पुढच्या गावी नेऊन टाकतो, आपण फक्त पाणी आणि पाव घ्यायचा आणि जंगलातून चालत सुटायचं. आणि जंगल म्हणजे काय रे! चेस्टनटची अशी म्हातारी म्हातारी झाडं, एकेकाच्या पोटात दोन माणसं उभी राहतील. आणि मग एकदम गाव लागतं. बारा घरं. त्यातली नऊ बंद. दुकान नाही, काही नाही. सकाळी पाववाल्याची गाडी हॉर्न मारत येते, तेवढ्यापुरतं गाव जागं. आणि धान्याची कोठारं अशी दगडी खांबांवर, उंदीर चढू नयेत म्हणून.

अंकुर : आणि हरवायला होत नाही तिथं?

रुचा : नाही ना! झाडावर, दगडावर रंगवलेलं असतं सगळं. पांढरी-लाल रेघ दिसली की चालत राहा. फुली दिसली की मागे फिर. इतकं सोप्पं. तरी आमच्या नेत्राबाई हरवल्या! तीच तर गंमत सांगतेय.

अंकुर : नेत्रा? ती तर गुगल मॅपले पण रस्ता सांगते.

रुचा : अरे, चौथ्या दिवशी. चढ मोठा होता, हिचा गुडघा बोंबलत होता. मी लीड, ही टेल. तसंच असतं आमचं, पहिल्यापासून.

अंकुर : म्हणजे काय ते?

रुचा : अय्या, तू कधी ट्रेकच नाही केलास?

अंकुर : नागपूरले डोंगर म्हणजे सेमिनरी हिल. तिथं लीड नाही लागत, स्कूटी लागते.

रुचा : सह्याद्रीत शिकवतात आम्हाला. पुढे चालणारा तो लीड, सगळ्यात मागचा टेल. वाटेला फाटा आला की लीडने थांबायचं, टेल दिसला की मगच पुढे. आणि टेल एकटा पडलाच, तर त्याने जागेवरून हलायचं नाही. काही झालं तरी नाही. लीड मागे येतो शोधायला.

अंकुर : मंग?

रुचा : मग काय! फाटा आला, दोन्हीकडे रेघ. दोन्हीकडे! मी गेले एकीकडे, ही राहिली मागे. धुकं असं उतरलं म्हणून सांगू! आणि ही बसली तिथेच, पुतळ्यासारखी. त्या आज्जीला वाटलं ही भिकारीणच आहे. तिने हिला पाव आणून दिला! दोन तास बिचारी...

(नेत्रा आतल्या खोलीतून पुस्तकांचा खोका घेऊन येते.)

नेत्रा : साडेपाच.

रुचा : हां तेच, साडेपाच वाजता...

नेत्रा : साडेपाच तास. दीड वाजल्यापासून सातपर्यंत. अंकुर, हा जड आहे. खालून धर.

अंकुर : साडेपाच तास? पावसात?

नेत्रा : पाऊस तीननंतर.

अंकुर : अगं, पण फोन करायचा ना.

नेत्रा : सिम एकच घेतलं होतं आम्ही. तिच्या फोनमध्ये. नकाशा पण तिच्याच फोनमध्ये.

रुचा : आणि मी पण चुकले होते ना! सांगितलंय मी हिला. चुकीच्या रेघेमागे गेले, पार दुसऱ्या दरीत उतरले, परत वर चढले, मग गाव सापडेना. माझी काय अवस्था झाली असेल? रडत होते मी वाटेत.

नेत्रा : ह्म्म.

रुचा : ह्म्म काय? खरंच रडत होते.

नेत्रा : रडत असशील. टेप कुठेय?

अंकुर : हे घे. पण रुचा, एक सांग. हे सगळं केलं आणि वरून इंटरव्ह्यू पण दिला म्हणजे तू तर कमालच आहेस बे.

रुचा : कुठला इंटरव्ह्यू? अंकुर, तो दिवा पण न्यायचाय, तो आधी ने...

अंकुर : तोच, जिथं आता नोकरीले लागली तू. माझी चुलतबहीण नाही का, रुपालीताई, सनीव्हेलची? ती होती ना पॅनलवर. काल फोनवर इतकी हसली! म्हणे, तुझी मैत्रीण गोठ्यात बसली होती का रे? दर प्रश्नाले मागून गाईच्या घंटा. एकाने तर विचारलं म्हणे, बॅकग्राउंड खरं आहे का. आणि तरी हिने तिन्ही राउंड एका दमात काढले. ताई म्हणे, अशीच पोरगी पाहिजे.

नेत्रा : कधी?

अंकुर : काय कधी?

नेत्रा : इंटरव्ह्यू. कुठल्या वारी?

अंकुर : मंगळवार म्हणाली वाटते. त्यांच्याकडे सकाळचे सात होते, त्यावरून शिव्या देऊन राहिली होती.

रुचा : नाही, तो बुधवारी... दुसऱ्या दिवशी झाला तो. तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा.

नेत्रा : बुधवारी दिवसभर बसमध्ये होतो आपण. माझा गुडघा सुजला म्हणून.

अंकुर : मी काही चुकीचं बोललो का?

नेत्रा : नाही. सनीव्हेलचे सकाळचे सात म्हणजे स्पेनमधले दुपारचे चार.

रुचा : नेत्रा, ऐक. ऐक ना. मेल सोमवारी संध्याकाळी आला. उद्या चार वाजता, नाहीतर जागा भरतोय, असं लिहिलं होतं. नेटवर्क फक्त वरच्या गावात. मला वाटलं वीस मिनिटांचा कॉल असेल, देईन आणि पळत खाली येईन. त्यांनी एकामागोमाग एक तीन माणसं आणली गं. मी कसं सांगणार, एक मिनिट हं, माझी मैत्रीण डोंगरात आहे?

नेत्रा : मला का नाही सांगितलंस? सोमवारी?

रुचा : कारण... अगं तीच जागा होती. तुला आठवड्यापूर्वी नाही म्हणाले होते तीच. तू किती रडली होतीस. म्हणून तर गेलो ना आपण स्पेनला! तूच म्हणालीस, सहा दिवस नोकरीचं नाव काढायचं नाही. आणि सोमवारी तू पहिल्यांदा हसलीस, त्या म्हाताऱ्याने ती सफरचंदाची दारू, सायडर, बाटली डोक्यावर धरून ग्लासात ओतताना स्वतःच्याच अंगावर सांडली तेव्हा. मग मी कशी सांगू?

अंकुर : मी खाली जातो. गाडीत जागा करतो.

नेत्रा : थांब अंकुर. हे एवढं दार धर.

रुचा : आणि ऑगस्टनंतर माझा पण व्हिसा संपत होता, नेत्रा. माझ्या घरी काय आहे तुला माहितीये. बाबांचं सगळं माझ्यावर आहे. तू असतीस तर काय केलं असतंस?

नेत्रा : तू सांगितलं असतंस ना, तर मी म्हटलं असतं, पळ. बॅग दे इकडे आणि पळ. मी थांबलेच असते. तेवढाच वेळ. तिथेच.

रुचा : सॉरी गं. मी सांगणार होते. रोज ठरवायचे. आधी म्हटलं ऑफर तर येऊ दे. मग ऑफर आली, तर म्हटलं आता कुठल्या तोंडाने. आणि तू काही विचारतच नव्हतीस! मला वाटलं तुझा विश्वास बसलाय.

नेत्रा : वरच्या वळणावर तू थांबली होतीस.

रुचा : कुठे?

नेत्रा : फाट्याच्या वर. धुकं नव्हतं तेव्हा. धुकं नंतर आलं. तुझं लाल जॅकेट दिसत होतं. तू वळून खाली बघितलंस. मी हात केला.

रुचा : ...तू मला बघितलं होतंस?

नेत्रा : दोन्ही हात केले. तू घड्याळ बघितलंस आणि वर गेलीस.

अंकुर : म्हणजे तुले पहिल्यापासून माहीत होतं?

नेत्रा : इंटरव्ह्यूचं नव्हतं माहीत. चुकली नाहीये, एवढं माहीत होतं. वाटलं, पोटात बिटात दुखत असेल. नाहीतर पुढे काही बघायला गेली असेल. आपल्याला बघितलंय म्हणजे येईल.

रुचा : नेत्रा...

नेत्रा : ती आज्जी आली ना, तिला मी बोटाने दाखवलं वर. मैत्रीण, येतेय. हातवारे करून. ती घरी चल म्हणून ओढत होती, मी गेले नाही. तू आलीस आणि मी सापडले नाही तर? मग ती परत गेली आणि दोन खुर्च्या घेऊन आली. एक मला, एक तिला. आणि छत्री. पाव नंतर आणला. भिकारीण-बिकारीण काही वाटलं नाही तिला, ते तू पदरचं घातलंयस. माझ्याशेजारी बसून बीन्स सोलत होती ती. पावसात.

रुचा : हे तू मला कधीच नाही सांगितलंस.

नेत्रा : तू विचारलंच नाहीस. तू आलीस तीच रडत, मला मिठी मारून म्हणालीस, मी चुकले गं, किती शोधलं तुला. आज्जी पण रडायला लागली. मग मी काय बोलणार?

अंकुर : यार, रुचा.

रुचा : गप ना तू! नेत्रा, मी काय करू आता? सांग ना. ऑफर सोडू? सोडते. खरंच सोडते.

नेत्रा : वेडी आहेस का? तू चांगला दिलास इंटरव्ह्यू. जा, कर नोकरी.

रुचा : मग घर कशाला सोडतेस? दोनच महिने आहेत. बोललो ना आता आपण? झालं ना बोलून?

नेत्रा : अंकुरचं बोलून झालं. तुझं नाही. तीन आठवडे रोज चहा करताना वाटायचं, आज सांगेल. तू सगळ्यांना तीच गोष्ट सांगत बसलीस. नकुलला, शैलजाला, त्या लॉन्ड्रीतल्या काकूंना. प्रत्येक वेळी तास कमी होत गेले. आज दोनवर आलीस.

अंकुर : नेत्रा, पावणेचार झाले.

नेत्रा : हो, चल. एवढीच बॅग राहिलीये. मी घेते.

रुचा : थांब, मी चपला घालते. मी पण येते गिरिजाकडे, लावून देते सगळं. तुम्ही व्हा पुढे, मी येतेच मागून.

नेत्रा : नको, रुचा. तू येते म्हणालीस की मी थांबून राहते.