दारावरचा सिंह

पावाच्या रांगेत माझ्यापुढे कासिल्दा आणि तिची शेजारीण ओबदुलिया उभ्या होत्या.

"कासिल्दा, किल्ल्याचं हॉटेल करणाऱ्यांनी गावानं किल्ल्यातून ढापलेले दगड परत मागितले, तेव्हा तू किल्ल्याच्या सरदारांचा दगडी सिंह दिलास ना?"

"कसला सिंह! सासऱ्यांनी डुक्करखान्यावर कोरलेलं डुक्कर दिलं. झिजलेला सिंह समजून घेतलं त्यांनी."

"अगं बाई! हॉटेलच्या दारावर लावलंय ते! परवा सरदारांचा पणतू माद्रिदहून आला आणि त्याच्यापुढे टकलावरची टोपी काढून रडला."

"रडू दे. डुक्कर गुणी होतं."

"आणि खरा सिंह?"

"परसात, धुण्याचा दगड म्हणून. आयाळीवर मळ काय निघतो म्हणून सांगू!"

"देऊन टाक बाई, पोलीस येतील."

"देते की. मग नवऱ्याच्या चड्ड्या काय त्या पणतवाच्या टकलावर घासू?"