दोहाला न पोचलेला कोट

फाटलेलं नाही गं हे, उसवलेलं आहे. फाटणं वेगळं, उसवणं वेगळं — फाटतं तेव्हा दोरे लोंबतात, कापड वेडंवाकडं जातं, आणि हे बघ, हे कुणीतरी खुर्चीत बसून ब्लेडनं सावकाश काढलंय, सहाच्या सहा टाके, डाव्या छातीला, आतल्या खिशाच्या मागे. मला कसं कळलं? अगं पुट्टी, पोरी, हा कोट मीच शिवलाय! बस ना, उभी काय राहिलीस — त्या स्टुलावर बस, डगमगतं ते, पण आजवर कुणी पडलं नाही, एक विमावाला पडला तेवढा, आणि त्याला मी मुद्दाम पाडला होता. मेघाश्री ना तू? आमच्या नागराजची नात. तुला वाटलं, गुंडूअज्जा ओळखणार नाही? समोर तुमचं बटणांचं दुकान, मधे दहा फुटांचा रस्ता. तू चार वर्षांची असताना तुझ्या फ्रॉकच्या पाठीला मी ‘विकणे आहे’ अशी चिठ्ठी टाचली होती आणि तू अख्खी नगरथपेठ फिरून आलीस, एकानं तर भाव विचारला — हसतेस? हस, हस. आमच्यात आता हसायला माणसं राहिली नाहीत.

तर अस्तर शिवायचं आणि तुझ्या मापाचा करायचा. हातांत दोन इंच कमी, कमरेत घ्यायचं तीन — काय गं, सर्जापूर रोडच्या त्या काचेच्या ऑफिसात जेवायला घालत नाहीत वाटतं? आणि ही पँट गुडघ्यावर फाटकी विकत घेतलीस, आणि कोटाचं आतलं अस्तर, जे कुणाला दिसत नाही, ते शिवायला आलीस. शाणी आहेस. कुठं घालणार कोट? टोरंटोला? फुटबॉलच्या वर्ल्डकपला! अय्यो. मॅच बघायला, तू, एकटी? मैत्रिणीबरोबर. बरं. बरं झालं. एकट्यानं जाऊ नये. मी सांगतो ना, मी जाऊन आलोय.

तुला काय सांगायचं, तुला ठाऊकच असणार — बावीस साली, दोहाला. मी आणि तुझा अज्जा जाणार होतो. सातवी नापास दोघंही, एकाच बाकावरचे, एकाच वर्षी. अनवाणी खेळायचो, चिखलात, आमच्या टीमला सगळे मिळून तीन जोड बूट, ते गोली, सेंटर आणि ज्याचा बाप भांडेल त्याला. शहाऐंशी साली एका शेट्टीच्या घराच्या खिडकीबाहेर उभं राहून वर्ल्डकप बघितला आम्ही, त्याच्या बायकोनं खिडकी लावून घेतली तर काचेवर नाक दाबून बघितला, आणि नाग्या तेव्हा म्हणाला, गुंड्या, एकदा आत बसून बघायचं, खिडकीतून नको. आत म्हणजे स्टेडियमच्या आत. तेवढं एकच मागणं त्या माणसाचं. बायकोनं सोनं मागितलं, मुलांनी गाड्या मागितल्या, त्यानं एक खुर्ची मागितली. छत्तीस वर्षं लागली त्याला. आमच्या चंदननं, माझ्या पोरानं, सगळं मोबाईलवर करून दिलं, ब्राझील आणि सर्बिया, शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. मी म्हटलं, नाग्या, तिथं वाळवंट आहे पण स्टेडियमला एसी असतो, थंडी वाजून मरशील, कोट शिवून घे. खरंच असतो हं एसी, ती थट्टा नव्हती. थट्टा दुसरी होती.

काय? पासपोर्ट घरी विसरला, म्हणून राहिला — हो, तसंच. तसंच म्हणतात सगळे. गादीखाली सापडला, नाही का? तुझी अज्जी अंबूवहिनी तर आल्यागेल्याला सांगते, आमचे हे देवनहळ्ळीच्या एअरपोर्टपर्यंत गेले आणि पासपोर्ट गादीखाली. आणि तुम्ही मुलं — तुम्ही काय म्हणायचात गं त्याला, तो भाजी आणायला निघाला की? सांग ना. “अज्जा, पासपोर्ट घेतलास का?” ऐकू यायचं मला इथं. दहा फुटांचा रस्ता. आणि तो मान हलवून हसायचा, पिशवी वर करून दाखवायचा. मी मशीनचं चाक जोरात फिरवायचो, म्हणजे ऐकू येऊ नये.

स्वल्प हात वर कर. माप घेतोय. — गादीखाली नव्हता गं तो.

बघ, हे अस्तर. ह्याच्या आत हे कडक असतं ना, हे बक्रम. ह्याच्यामुळं कोटाची छाती भरदार दिसते, आत माणूस कितीही वाळका असो. बक्रम आणि अस्तराच्या मधे पासपोर्ट सरकवला ना, तर वरून चाचपून कळत नाही, सगळंच कडक लागतं. आदल्या दिवशी तो ट्रायलला आला, खिशात पासपोर्ट ठेवून बघितला, नीट बसतोय म्हणाला, लहान मुलासारखा चारदा काढला, चारदा ठेवला, आणि इस्त्रीला कोट इथंच सोडून कॉफी प्यायला गेला. पासपोर्ट खिशात, कोट माझ्या हातात. तूच सांग, मी काय करणार? माझा स्वभाव! लग्नात नवऱ्याच्या शेरवानीत खाजकुइली टाकलेला माणूस मी. खिशातून काढून अस्तरात सरकवला, वर सहा टाके घातले. इतके बारीक की माझ्या बापाला सापडले नसते. म्हटलं, गेटवर पोलीस मागेल, हा खिसा चाचपेल, तोंड असं होईल, दोन मिनिटं मजा बघायची, मग ‘छू’ करून ब्लेडनं — ब्लेडसुद्धा घेतलं होतं, पाकिटात, बाहेरच फेकून देणार होतो.

झालं तसंच. बंदूकवाला पोलीस म्हणाला, पासपोर्ट. नाग्यानं खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग सगळ्या, मग पुन्हा पहिल्या. पुट्टी, त्याचा हात त्या पासपोर्टवरच होता. छातीवर हात ठेवून उभा होता, आणि पासपोर्ट त्याच्या तळहाताखाली. मला हसू आवरेना. म्हटलं इथं हसलो तर फुटलं सगळं, म्हणून मी खांबामागं गेलो हसायला. खांबामागं! पोट धरून हसलो. डोळे पुसून परत आलो तर नाग्या नाही. ट्रॉली आहे, बॅग आहे, बॅगेत त्याचा फोन वाजतोय, नाग्या नाही. पोलीस म्हणाला, ते कॅबमध्ये बसून गेले, पासपोर्ट आणायला.

काय करणार मी? हेब्बाळला फ्लायओव्हरवर तेव्हा किती जाम असतो तुला माहिताय. तरी तीन-साडेतीन तास होते विमानाला. मी घरी फोन लावायला बघितलं, तुझ्या अज्जीला, पण रेंज नव्हती. एअरपोर्टला रेंज कुठं असते. — असं काय बघतेस?

होती. रेंज होती. पूर्ण दांड्या होत्या. नंबर काढला, अंगठा ठेवला त्याच्यावर. पण वहिनी उचलणार, आणि वहिनीला सांगायचं काय? की पासपोर्ट तुमच्या नवऱ्याच्या अंगावरच आहे, मी शिवून टाकलाय? संध्याकाळपर्यंत पेठ भरून बातमी. हसणारा मी, माझ्यावर कुणी हसलेलं मला चालत नाही गं, कधीच चाललं नाही. म्हटलं, सापडेल त्याला. कोट काढेल, हाताला लागेल, येईल धावत. येईल, येईल म्हणत आत गेलो. येईल म्हणत विमानात बसलो. पट्टा लावला.

हो. मी गेलो. मॅच बघितली मी.

पहिल्या हाफमध्ये गोल नाही. दुसऱ्यात दोन, आणि दुसरा तर असा — पोरगा हवेत उलटा झाला आणि पाय मारला, आख्खं स्टेडियम उभं राहिलं, ऐंशी हजार माणसं, आणि मी सवयीनं शेजारी नाग्याच्या मांडीवर थाप मारली. प्लास्टिकची खुर्ची. असा आवाज झाला. कुणाला ऐकू नाही गेला, मला गेला.

परत आलो तेव्हा दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. हाच कोट, ह्याच टेबलावर, उलटा करून टाकला. तेव्हा बघितलं मी, सहाच्या सहा टाके काढलेले. अस्तराचा एक दोरा तोडला नव्हता त्यानं. म्हणाला, “टाका सुंदर घालतोस, गुंड्या.” आणि कोट उचलून गेला. बस. त्यानंतर साडेतीन वर्षं एक शब्द नाही. दोरा, बटणं सगळं मी त्याच्याकडूनच घ्यायचो, मुद्दाम, दिवसातून दोनदा — तो पुडी बांधायचा, ठेवायचा, तोंड फिरवायचा. पण घरी बोलला नाही गं. कुणालाच नाही बोलला. गादीखाली सापडला म्हणाला, आणि विसराळू म्हणवून घेतलं स्वतःला, तुमच्या सगळ्यांकडून. मला का वाचवलं त्यानं? शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती तर मी पाय धरले असते. रोज म्हणायचो उद्या जातो, पाय धरतो. आणि मागच्या महिन्यात त्याला झटका आला. आता जीभच उचलत नाही म्हणे. मी दारापर्यंत आलो होतो. वहिनी म्हणाल्या, या ना भावजी, आत या. मी चप्पल नाही काढली.

पुट्टी, एक विचारू? खरं सांग. हा कोट — त्यानंच पाठवला ना? म्हणजे बोलता येत नसेल, पण हातानं दाखवलं असेल, समोर, इकडं? डावा हात हलतो ना त्याचा?

नाही. ट्रंकेत सापडला. अच्छा. अज्जीनंही नाही सांगितलं. समोर आहे म्हणून आलीस. सरी, सरी, ठीक आहे. मी आपलं उगाच विचारलं.

एक टाका झाला बघ बोलता बोलता, दुसरा घालतोय. परवा घेऊन जा. तू तिथं स्टेडियममध्ये बसलीस ना की व्हिडिओ लाव त्याला, फोन असा वर धर, त्याला आत बसल्यासारखं — काय झालं? उठलीस का? अगं डोळे पूस, मी काही — कोट दे? का? अर्धा राहिलाय अजून. नाही, मी ओढत नाही, घे. घे, तुमचाच आहे. अज्जाला सांगणार आहेस? की अज्जीला? बरं. कुणालाही सांग. सगळ्या पेठेला सांग, जा — पण थांब, अशी घडी घालू नकोस, पुट्टी, अस्तरात सुई आहे, ऐक, सुई तशीच राहिलीय —