व्हरांड्यातला खिळा

नानासो : हं, इथं अंगठा उठवा, मनुबाई. झालं. आजपासनं आकारामच्या जागी तुम्ही. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, सूचनांची वही फिरवायची. पाण्याच्या माठाचं मात्र दुसरा शिपाई, जोतिबा बघंल.

मनुबाई : व्हय भाऊसाब. घंटा कवा किती द्यायची त्ये पाठ हाय मला. ईस वरसं आयकतीया.

शालू : माठाचं जोतिबा का?

नानासो : पहिल्यापासनं तोच बघतो. दुसरं काही नाही गं शालू.

शालू : भाऊसाहेब, दादांचा कप अजून बाहेर खिळ्याला आहे.

नानासो : असणार की. महिना झाला आकारामला जाऊन, पण कुणी हात लावला नाही. आठवण म्हणून राहू दिला.

शालू : ते होते तेव्हाही कुणी हात लावत नव्हतं.

मनुबाई : शाले, गप ऱ्हा.

नानासो : बोलू द्या तिला. पण पोरी, तू ह्याच कॉलेजात शिकलीस. बी.ए.ला पहिली आलीस, तर तेव्हाच्या सरांनी स्टाफरूममध्ये शेजारी बसवून चहा पाजला तुला. आज सांगलीला प्राध्यापक आहेस.

शालू : तो चहा आठवतो मला. मी आत कपबशीत पीत होते. बाहेर हॉटेलवाला किटली उंच धरून दादांच्या कपात ओतत होता. दादा खिडकीतून माझ्याकडं बघून हसले. मीही हसले, भाऊसाहेब. चहा संपवला आणि बशी खाली ठेवली.

नानासो : जुनी गोष्ट झाली. आता तसं नाही. दोन वर्षांमागं नवे प्राचार्य आले, त्यांनी आल्या आल्या सूचना काढली. थांब, वहीच दाखवतो. हे बघ. 'या आवारात चहा-पाण्याची भांडी सर्वांना एकच राहतील. कोणीही कोणताही भेद पाळू नये.' माझंच अक्षर आहे. खाली सगळ्यांच्या सह्या. ग्रंथपालसुद्धा सुटला नाही.

शालू : ही वही सह्यांना कुणी फिरवली?

नानासो : आकारामनंच. त्याचंच काम ते.

शालू : दादांची सही कुठं आहे?

नानासो : शिपायाची सही नसते गं वहीत. तसा रकानाच नाही.

शालू : मग त्यांना वाचून कुणी दाखवली?

नानासो : मला वाटलं, प्राचार्य सरांनी सांगितलं असंल.

शालू : आणि सरांना वाटलं, तुम्ही.

नानासो : तसंच झालं असावं.

मनुबाई : त्यो कागद व्हय? आगं बया! घरला आलं तवा त्वांड उतरल्यालं. म्हनलं, "आज सायबाचा कसला तर कागद फिरीवला. ज्यो त्यो वाचतुया आन् माज्याकडं बघतुया." दोन दिस भाकर ग्वाड लागली न्हाई त्यास्नी. नोकरीच जातीया वाटलं.

शालू : मला का नाही विचारलं त्यांनी?

मनुबाई : तू सांगलीला. आन् पोरीला काय म्हनून इचारायचं, बापानं काय चूक केली म्हनून?

नानासो : हे मला आज कळतंय. मी म्हटलं होतं त्याला, आत ये की आकाराम, आता चालतंय. तर म्हणाला, "असू द्या भाऊसाब. सवय हाय."

शालू : पुन्हा कधी म्हणालात?

नानासो : नाही.

शालू : भाऊसाहेब, माझं भांडण नाही. भांडू कुणाशी? सह्या तर सगळ्यांच्या आहेत. एवढंच करा. आईनं पहिली घंटा द्यायच्या आत तो खिळा काढा.

मनुबाई : कशापायी गं? खिळा काय कुनाला चावतुया? आजचा पैलाच दिस, आन् तू भाऊसाबास्नी कामाला लावतीयास.

नानासो : नको मनुबाई, बरोबर आहे तिचं. मीच काढतो. टेबलाच्या खणात पक्कड असंल बघा. चला बाहेर.

(खिळा निघतो. भिंतीच्या चुन्याचा पोपडा खाली पडतो.)

नानासो : निघाला. हा घे शालू, दादांचा कप.

शालू : ह्याला कानच नाही.

मनुबाई : कवाच तुटला. सुतळी बांधून अडकवायचं. दुसरा घ्या म्हनलं तर म्हनायचं, गळत न्हाई तवर चालंल.

नानासो : बरं, अकराला पाच कमी आहेत. मनुबाई, पिशवी ठेवा आणि घंटेकडं चला.

शालू : आई, पिशवीत काय आणलंयस एवढं जपून?

मनुबाई : कप हाय. उंब्रजच्या बाजारात घेतला, नवाकोरा. म्हनलं, पैल्या दिसापासनं आपल्यापायी कुनाला तरास नगं. भाऊसाब, खिळा तर काढलासा. आता ह्यो ठिवू कुठं, तेवढं सांगा.