मायच्या गळ्याचं माप

नाही म्हटलं न, राजेंद्र. पेनड्राईव्ह खिशात ठेव अन् चहा पी, थंडा होऊन राह्यला. फाईल नाही भेटणार. — नागपूरचा तो मशीनवाला थांबला आहे तर थांबू दे, त्याच्यापाशी दुसरी कामं नाहीत का? रविवारी मायले जाऊन वर्ष होते, हे तू मले सांगून राह्यला? घरी राजेगावले भंतेजीले निरोप मी देला, मंडप मी सांगतला, खिरीचं दूधही मीच सांगतलं. तू आज सकाळी आला, पाच मिनिटं हा कॉम्प्युटरचा पडदा पाहला अन् म्हणतं — ताई, किती सुंदर केली वो मायले, हीच मशीनवर मूर्तीसारखी छापून आणतो, टेबलावर ठेवू. सुंदर. हौ, आहे न सुंदर. म्हणूनच नाही देत.

काहून म्हणजे? — तुले वाटते हा खेळ आहे. सगळ्यायलेच वाटते. कचेरीसमोरच्या या झेरॉक्सच्या दुकानात पंचेचाळीस वर्षांची बाई कॉम्प्युटरवर माणसं घडवून राह्यली म्हटल्यावर लोकं हसतीनच. बाजूचा खेमराज टायपिस्ट रोज विचारे — मॅडम, आज किसकी नाक बन रही है? मी म्हणो, तुम्हारी, पर माटी कम पड रही है. — हसू नको. दोन वर्षं नुसते नाक, कान अन् बोटं केले मी. पडद्यावर एक गोळा असते, मातीच्या गोळ्यासारखा, त्याले ब्रशनं ओढाचं, दाबाचं, खरवडाचं. चेहरा तर कोणीबी काढते. पण जिता माणूस काढाचा असन तर कातडीखाली काय आहे ते माहीत पाहजे — कोणतं हाड कुठी वर येते, कोणता स्नायू कुठून निघून कुठी चिपकते. त्याच्यासाठी नर्सिंगच्या एका पोरीचं जुनं पुस्तक घेतलं, पानंन् पानं पाठ केली. कानामागून एक दोरीसारखा स्नायू निघते अन् गळ्याच्या खाचेत उतरते — मान फिरव, तुह्याबी मानेवर दिसते. त्याच्या बाजूले, हसलीच्या म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडावर, एक खळगा असते. दोन्हीकडे. हात लाव, पाह. — लाव न, लाजतं काहून?

मंग मी मायले बसवलं. मागच्याच्या मागच्या जूनमधी, धानाचे रोवणे सुरू व्हाच्या आधी, अठरा दिवस इथंच, या स्टुलावर. पुस्तकातल्या माणसाले कधी कोणी धानाच्या बांधीत वाकवलं नाही, त्याचे खांदे कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखे. मायचे तसे कुठी होते? मानेवर कातडीच्या घड्या, उजवा खांदा खाली. मी धागा लावू लावू माप घेवो अन् वहीत लिहो. ती म्हणे, किती पाहतं वो बाई मले, पाहुणे येऊन राह्यले का? अन् मी तिच्यावर खेकसो — हलू नको, माय, माप चुकते. — हौ, खेकसो. तुले काय माहीत, तू तर महिन्यातून एकदा फोन करे. तिले दम लागे बसून बसून, मधीच पोटावर हात ठेवे, अन् मले वाटे कामात मन नाही हिचं.

आता हे बटन पाह. यानं काय होते, की उजवीकडे गाल दाबला का डावीकडचा आपोआप दबते. अर्ध्या मेहनतीत पूर्ण माणूस. शिकवणारे सगळे म्हणतात, शेवटी हे बंद करा, खरा माणूस दोन्हीकडून सारखा नसते. मीही बंद केलंतं. उजवी बाजू झाल्यावर डावी करून राह्यलती, मायच्या गळ्याकडे पाहू पाहू — अन् डावीकडचा खळगाच सापडेना. तिथं भरलेलं होतं. बोरीच्या बीएवढं काहीतरी. बोट लावलं तर कडक. मी पुस्तक काढलं. पुस्तकात त्या जागेवर काहीच नाही. स्नायू नाही, हाड नाही. तुले सांगतो, दोन दिवस तेवढ्यावर घालवले मी, रातची झोप नाही, की हे आहे काय.

नाही, डॉक्टरले नाही विचारलं. — काहून विचारीन? मले तर वाटलं माहा अभ्यास कमी पडला. मंग वाटलं, हीच वाकडी बसते. म्हटलं, माय, सरळ बस न, तुह्यापायी माहं काम बिघडून राह्यलं. ती बिचारी सरळ बसली. तरी ते तिथंच. मंग मी हे बटन पुन्हा चालू केलं. उजवा खळगा डावीकडे आला — साफ, गोल, पुस्तकातल्यासारखा. दोन सेकंद लागले. अन् मी खुश झाली, राजेंद्र. मायले पडद्यासमोर आणून दाखवलं. ती म्हणे, मी एवढी बरी दिसतो का वो?

तुले खोटं वाटते? थांब, वही काढतो. — हे पाह, माहंच अक्षर आहे. एकोणीस जून. 'उजवा खळगा खोल, अंगठ्याचं टोक मावते. डावा भरलेला. बसण्याची चूक. दुरुस्त केला.' वाच न. दुरुस्त केला लिहिलं आहे.

नोव्हेंबरमधी नागपूरले त्या डॉक्टरनं पोट नाही पाहलं आधी. आठवते का तुले? मायले समोर बसवलं अन् सरळ त्याच जागेवर बोट ठेवलं. तेच बोट, तीच जागा. म्हणे, पोटातलं आहे, पण ते इथं येऊन दिसते. मंग माह्याकडे पाहून म्हणे, हे किती दिवसांपासून आहे? तू माह्या बाजूलेच उभा होता. मी काय म्हटलं? — मी म्हटलं, माहीत नाही, सर. तारीख माहीत होती मले. अन् तू बाहेर येऊन पाठीवर हात ठेवला, म्हणे, ताई, कोणाले कळणार होतं, तुही काही चूक नाही. वर्षभर तेच म्हणून राह्यला. फोन केला की तेच. कान किटले माहे.

तेव्हाही उशीरच झालता म्हणतं? हौ, वाचलं आहे मी. तिथं गाठ दिसली म्हणजे आतून पसरलेलं असते, वाचली नसती. मानलं. पण जून ते नोव्हेंबर, पाच महिने पोटात दुखत होतं तिले, अन् मी ओवा देत होती. गॅसची गोळी देत होती. भाकर ढकलून देली की म्हणो, नखरे नको करू, माय. दुखणं थांबवाची दवा तर भेटली असती न? तेवढं तर होतं न माह्या हातात?

म्हणून ही सुंदर माय नाही देत मी कोणाले. — पण आहे, दुसरी आहे. बस. हे पाह. ही या वर्षात केली, वहीतल्या मापावरून. डावीकडे पाह. तिथंच, तेवढंच. बटन बंद ठेवून केलं आहे. न्याची असन तर ही ने, छाप, ठेव टेबलावर. मी रविवारी लोकायसमोर उभी राहून सांगीन, हे काय आहे अन् कोणं पाहलंतं. — पाह न इकडे. चहाकडे काय पाहतं?

काय म्हटलं? — मोठ्यानं बोल. पदर. डाव्या खांद्यावर पदर टाकून दे म्हणतं, म्हणजे दिसणार नाही, लोकं विचारणार नाहीत. — पदरच तर होता, राजेंद्र. जनमभर त्याच खांद्यावर पदर होता तिचा, म्हणून तुले दिसलं नाही, तुह्या रीनाले, घरची सून असून दिसलं नाही, बांधीत बाजूले वाकणाऱ्या बायकायले दिसलं नाही. एकटी मी होती, जिनं म्हटलं, माय, पदर काढून बस.

हात नको लावू मले. ऊठ. राजेगावची बस दीडची आहे. रविवारी फोटो ठेव, फोटोत आहे पदर. — या काका, आत या, उभे काहून? काय काढाचं आहे?