नात्याचा रकाना

(बऱ्हाणपुरातलं पत्रिकांचं दुकान. शारदा कॉम्प्युटरवर, समोर दापोऱ्याहून आलेले लोटू आणि भागाबाई.)

शारदा : काका, नात्याचा रकाना रिकामा सोडला तर शोकपत्रिका बनत नाही. भागामावशी तुमच्या कोण?

लोटू : कोण म्हणजे? इतकी वर्षं माझ्या घरात राहते.

भागाबाई : घर कोणाचं ते नीट सांगा. छपराचे पत्रे मी टाकले.

शारदा : यात पत्नी, मुलगा, भाऊ, भाचा, एवढेच पर्याय आहेत.

लोटू : पत्नी दाब.

भागाबाई : वा. लग्नाला मला बोलावलंच नाही की.

लोटू : बघ पोरी. स्वतःच्या मरणाचं काम करायला आलो तरी टोमणे.

शारदा : पण धडधाकट आहात, घाई कशाला?

लोटू : मी गेलो की भाचे येतील तुझ्याकडे. शोकाकुलमध्ये पोराटोरांची नावं घालतील अन् हिला ओट्याखाली बसवतील. दवाखान्यात माझं गू-मूत काढलं हिनं, तेव्हा कुठे होते साले?

भागाबाई : शिवी पत्रिकेत नका घालू म्हणजे झालं.

शारदा : मग असं करू. आमच्या वेबसाइटवरची पत्रिका दर वेळी टेम्प्लेटमधून, म्हणजे तयार साच्यातून, नव्यानं भरते. रकाना बदलला की तीही बदलते. पण पत्रिका बनवणारा जो कोडचा तुकडा असतो, त्याच कंपोनंटच्या आत, पडद्यावर न दाखवता, मी अख्खं टेम्प्लेट भरून त्याची स्ट्रिंग करते.

लोटू : स्ट्रिंग मतलब?

शारदा : नुसता सलग मजकूर. मग पुढे टेम्प्लेटमध्ये कोणी काहीही बदलो, हा तसाच राहतो. मावशींच्या मोबाइलवर ठेवू. वेळ आली की त्या पाठवतील.

लोटू : भाच्यांच्या पयले?

भागाबाई : उशाशी मीच असणार ना.

शारदा : नात्याची अट काढली मी. नुसतं नाव येईल. पण तारीख आत्ताच भरावी लागेल.

भागाबाई : पोळ्यानंतरची टाक. तोवर केळी कापून होतील.

लोटू : तारीख काढ, ‘आज’ लिही. कधीही गेलो तरी आजच गेलेला असेन.

शारदा : झालं, वाचते. ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की लोटूभाऊ यांचे आज निधन झाले. ते सर्वांचे लाडके होते.’

भागाबाई : हे कोणी लिहिलं?

शारदा : टेम्प्लेटमध्येच आहे. सगळ्यांना येतं.

भागाबाई : काढ ते. मयतीत लोक हसतील.

लोटू : काढ, काढ. दापोऱ्यात मी कोणाचा लाडका नाही.

शारदा : काढलं. ‘शोकाकुल : भागाबाई.’ आणखी कोणी?

लोटू : बस. बाकीच्यांनी आपापली छापावी.

शारदा : पाठवलं तुमच्या मोबाइलवर, मावशी.

भागाबाई : आलं. पण मी आधी गेले तर? माझ्यासाठी कोण येईल इथं?

लोटू : फालतू बोलू नको.

भागाबाई : तुम्ही बोललात ते चाललं.

लोटू : शारदा, हिचीही एक बनव. अन् ते पाठवायचं कसं, मला शिकव.